पाटीवरची अक्षरं : एल.सी.पी.एस. म्हणजे 'अर्धा डॉक्टर' का?

परवा संध्याकाळी ओपीडी संपत आली होती. नेहमीचे एक काका, सत्तरी ओलांडलेले, बीपी तपासून झालं तरी उठेनात. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी एनॅमलची पाटी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "मॅडम, जुनं घर पाडायला काढलंय. माळ्यावर ही सापडली. माझ्या वडिलांची." निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नाव, आणि नावापुढे एल.सी.पी.एस.

काकांचा नातू सध्या एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाटी बघून तो सहज म्हणाला, "म्हणजे पणजोबा पूर्ण डॉक्टर नव्हते?" पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, पण काकांना ते लागलं. ज्या माणसाला पंचक्रोशी 'डॉक्टरसाहेब' म्हणायची, तो अर्धाच डॉक्टर होता की काय, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी दोन वाक्यांत उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. डॉक्टर कुणाला म्हणायचं, त्याला किती वर्षं, कुठल्या भाषेत आणि कुणाच्या पैशानं शिकवायचं, यावर आपल्याकडे दोनशे वर्षं भांडण चालू आहे. तुमच्या डॉक्टरांच्या पाटीवरची अक्षरं त्याच भांडणातून आलेली आहेत. म्हणून हा लेख.

मुंबईतली पहिली शाळा मराठी-गुजरातीतून होती

आधुनिक वैद्यकाचं शिक्षण मुंबईत पहिल्यांदा सुरू झालं ते १८२६ मध्ये. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली सरकारनं एक छोटी शाळा काढली. हेतू फार उदात्त नव्हता. कंपनीच्या फौजेतल्या गोऱ्या सर्जनांना हाताखाली माणसं हवी होती : मलमपट्टी करणारी, औषधं तयार करून देणारी. शिकवणं देशी भाषांतून होतं. त्यासाठी इंग्रजी वैद्यकातला मजकूर आधी त्या भाषांत उतरवावा लागे. कल्पना करा, त्या काळात 'आर्टरी' आणि 'व्हेन' यांना मराठीत वेगवेगळे शब्द शोधायचे, तेही शिकवणाऱ्यालाच!

शाळा सहा वर्षं चालली आणि १८३२ मध्ये बंद झाली. सरकारच्या मते प्रयोग फसला होता.

काही वर्षांतच रॉबर्ट ग्रँट मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांनी हा विषय पुन्हा उकरून काढला, माहिती मागवली आणि ठरवलं की नुसते मदतनीस नकोत, पूर्ण शिकलेले डॉक्टर इथेच तयार व्हायला हवेत. इंग्रजीतून, आणि मोठ्या रुग्णालयाच्या सोबतीनं. प्रस्ताव लंडनला गेला. मंजुरी इथे पोचायच्या आतच, जुलै १८३८ मध्ये, ग्रँट पुण्याजवळ दापोडीला वारले. मुंबईकरांनी वर्गणी काढून त्यांच्या नावानं कॉलेज उभं करायचं ठरवलं. शेजारच्या रुग्णालयासाठी जमशेटजी जीजीभाईंनी लाखाहून अधिक रुपये दिले. १८४५ मध्ये भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय दोन्ही सुरू झाले.

शेजारच्या गोव्यात तर त्याआधीच, १८४२ मध्ये, पणजीला पोर्तुगिजांची वैद्यकीय शाळा निघाली होती. तिथे पोर्तुगीजमधून शिकलेले कितीतरी गोवेकर डॉक्टर पुढे आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत नोकरीला गेले. आजचं गोवा मेडिकल कॉलेज हे त्याच शाळेचं पुढचं रूप.

भाषेचा प्रश्न १८३२ मध्ये मिटला असं वाटतं खरं, पण मिटला नाही. २०२२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं एम.बी.बी.एस.ची पुस्तकं हिंदीत काढली, तेव्हा झालेले वाद तुम्ही वाचले असतील. बाजू त्याच होत्या. माझं मत विचाराल तर, पेशंटशी बोलायला मराठी आलीच पाहिजे आणि नवी संशोधनं वाचायला इंग्रजी आलंच पाहिजे. आमच्या शिक्षणात पहिल्या गोष्टीकडे फार कमी लक्ष दिलं गेलं. 'तुम्हाला रेट्रोस्टर्नल बर्निंग होतं का?' असं विचारणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. अहो, 'छातीत जळजळतं का' म्हणा की!

पहिले आठ

ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. किती जण? आठ. त्यात भाऊ दाजी होते, प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढे असलेले आत्माराम पांडुरंग होते, गोव्याचे होझे कामिलो लिस्बोआ होते, पारशी विद्यार्थी होते. आधी शाळा-कॉलेजचं इंग्रजी शिक्षण पुरं करून ही मंडळी पुन्हा विद्यार्थी झाली होती.

त्यांना शिकवणारे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा एक हट्ट होता. पुस्तक वर्गात, पण रोग मात्र खाटेपाशी शिकायचा. विद्यार्थ्यानं वॉर्डात बसून पेशंटची हकीकत लिहायची, रोज त्यात भर घालायची, आणि दुर्दैवानं पेशंट दगावलाच तर शवविच्छेदनात आपला अंदाज बरोबर होता का ते बघायचं. आजही आम्ही 'केस घेणं' म्हणतो ते हेच. सरकारी रुग्णालयात तुमच्याभोवती चार पोरं वही घेऊन उभी राहतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, तेव्हा तुम्ही वैतागता. मला ठाऊक आहे. पण वैद्यक शिकण्याची दुसरी कुठलीच पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

शवविच्छेदन हा तेव्हा मोठाच अडसर होता. प्रेताला हात लावणं म्हणजे विटाळ. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी, जे स्वतः संस्कृत आणि आयुर्वेदाचे पंडित होते, मेडिकल कॉलेजात पहिल्यांदा शवविच्छेदन केलं. मुंबईत ग्रँट कॉलेज निघालं तोवर कलकत्त्यात ही वाट नऊ वर्षं आधी मोकळी झाली होती. आपल्या राज्यात बेवारस आणि दान केलेले देह कॉलेजांना देण्याचा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. आज देहदानाचे फॉर्म भरणारे आजी-आजोबा माझ्याकडे येतात तेव्हा मला पहिल्या वर्षाचा तो फॉर्मलिनचा वास आठवतो. त्या टेबलावरच्या अनोळखी माणसाकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याच प्राध्यापकाकडून शिकले नाही.

आता या आठ जणांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते बघा. स्टेथोस्कोप होता. बेशुद्ध करायला ईथर आणि क्लोरोफॉर्म ते शिकत असतानाच जगात आले होते. पण रोगजंतू माहीत नव्हते. क्षयाचा जंतू कॉख यांनी दाखवला १८८२ मध्ये, तोवर भाऊ दाजींना जाऊन आठ वर्षं झाली होती. ताप मोजायचा आटोपशीर थर्मामीटरसुद्धा १८६० च्या दशकातला. आजच्या मापानं मोजायचं तर त्यांच्यापैकी एकही जण पहिल्या वर्षाची परीक्षा पास झाला नसता. तरी भाऊ दाजींनी कडूकवठीच्या बियांवर काम करून कुष्ठरोग्यांना औषध दिलं, आणि त्याच कुळातल्या झाडांच्या बियांचं तेल पुढे सल्फोन औषधं येईपर्यंत जगभर कुष्ठरोगावर वापरलं जात होतं. १८९६ मध्ये मांडवीतल्या तापाला 'ही प्लेगची साथ आहे' असं ठामपणे म्हणणारे गोमंतकीय डॉ. अकासियो व्हिएगस याच कॉलेजात शिकलेले. आणि हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली तीही याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

अक्षरांची भानगड

पहिल्या तुकडीला विद्यापीठाची पदवी नव्हती, कारण विद्यापीठच नव्हतं. ते 'ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर' म्हणवत. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये झालं आणि मग एल.एम., पुढे एल.एम. अँड एस. अशी अक्षरं आली. एम.बी.बी.एस. विसाव्या शतकात रुळलं.

या एम.बी.बी.एस.मध्ये दोन 'बी' का, असं कधी मनात आलंय? ती एक पदवी नसून दोन आहेत : औषधवैद्यकाची एक आणि शल्यकर्माची एक. इंग्लंडात फिजिशियन आणि सर्जन या दोन वेगळ्या जाती होत्या म्हणायला हरकत नाही. फिजिशियन विद्यापीठात शिकलेला, लॅटिन जाणणारा. सर्जन मात्र न्हाव्यांच्या संघातला. लंडनमध्ये न्हावी आणि सर्जन यांची संघटना १७४५ पर्यंत एकच होती. तिकडे सर्जनला अजूनही 'मिस्टर' म्हणतात, डॉक्टर नाही. पुढे दोन्ही विद्या एकाच माणसाला शिकवायचं ठरलं, आणि आपण दोन्हींची अक्षरं एकदम लावू लागलो.

पण पदवीधर किती होणार? वर्षाला मूठभर. आणि तेही शहर सोडून जाणार नाहीत. (हे वाक्य मी आजच्या वर्तमानपत्रातून उचललंय असं वाटेल, पण तक्रार तेव्हाचीच आहे.) म्हणून ग्रँट कॉलेजातच मराठी आणि गुजरातीतून शिकवणारे वर्ग पुन्हा निघाले. १८३२ मध्ये दारातून घालवलेली गोष्ट खिडकीतून आत आली. मग वेगळ्या मेडिकल स्कूल निघाल्या. पुण्याला बी. जे. मेडिकल स्कूल, नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षं शिकून 'लायसेन्शिएट' व्हायचं, म्हणजे पदवी नाही पण व्यवसायाचा परवाना. मुंबई इलाख्यात परीक्षा घेणारी संस्था होती कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स. काकांच्या वडिलांच्या पाटीवरच्या एल.सी.पी.एस.मधला एल लायसेन्शिएटचा आणि उरलेली तीन अक्षरं या संस्थेची.

१९१२ मध्ये मुंबई सरकारनं कायदा करून डॉक्टरांची नोंदवही सुरू केली. त्या नोंदवहीत पदवीधरही होते आणि लायसेन्शिएटही. कायद्यानं दोघेही डॉक्टर. समाजात आणि नोकरीत मात्र पगार, हुद्दा, मान सगळ्यातच फरक.

वीस मिनिटांची घाई आणि १९३० चा अपमान

इथे एक आठवण सांगते. इंटर्नशिपमधली माझी पहिली बाळंतपणाची ड्यूटी. रात्री अडीच वाजले होते, सीनियर ऑपरेशनमध्ये, आणि लेबर रूममध्ये मी आणि एक वयस्क सिस्टर. पुस्तक पाठ होतं. पण मी उगाच घाई करत होते. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हात मागे घ्या. ती तिचं काम करतेय, तिला करू द्या." वीसेक मिनिटांनी बाळ सुखरूप झालं. ती वीस मिनिटं हात मागे कसे ठेवायचे, हे मला कुठल्याही पानावर सापडलं नव्हतं.

हे सांगायचं कारण, भारतातल्या वैद्यकीय शिक्षणाचा सगळ्यात मोठा झगडा याच खोलीवरून झाला. ब्रिटिश साम्राज्यात कुठेही डॉक्टरी करायची तर लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता लागे. त्यांचा आक्षेप होता की भारतीय विद्यार्थी पुरेशी बाळंतपणं स्वतः करत नाहीत. १९२२ मध्ये सर नॉर्मन वॉकर तपासणीला आले. आणि १९३० मध्ये कौन्सिलनं भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली.

इथे संताप उसळला, तो साहजिकच होता. आपल्या डॉक्टरांची किंमत लंडनमध्ये बसून ठरवणारे हे कोण? यातूनच १९३३ मध्ये कायदा झाला आणि आपलं स्वतःचं मेडिकल कौन्सिल आलं. राष्ट्रीय वृत्तीची कॉलेजं तर आधीच निघाली होती. असहकाराच्या वर्षी, १९२१ मध्ये, मुंबईत निघालेलं नॅशनल मेडिकल कॉलेज आज टोपीवाला या नावानं नायर रुग्णालयाशी जोडलेलं आहे. परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजला देणगी देणाऱ्यांची तर अटच होती की प्राध्यापक भारतीय असावेत, सरकारी नोकरीतले गोरे नकोत.

पण एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. वॉकरांचा अहंकार बाजूला ठेवला तर आक्षेप खोटा नव्हता. बायका बाळंतपणाला रुग्णालयात येतच नव्हत्या. घरी, सुईणीच्या हाताखाली, अंधाऱ्या खोलीत बाळंत होत. पुरुष डॉक्टरला तिथे प्रवेश नाही. मग विद्यार्थी शिकणार कुणावर? आनंदीबाई जोशींचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. 'हिंदू स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी' हे त्यांचं म्हणणं तिथून आलं. फिलाडेल्फियाला मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या, प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण काम सुरू व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयानं त्या गेल्या. एकवीस वर्षांच्या होत्या. रखमाबाई मात्र लंडनहून १८९४ मध्ये डॉक्टर होऊन आल्या आणि आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवत राहिल्या. १९३० चा अपमान हा निदान अंशतः तरी त्याच बंद खोलीचा परिणाम होता, असं मला वाटतं.

आणि दुसरी कडू गोष्ट. १९३३ चा कायदा पदवीधरांपुरता होता. लायसेन्शिएट त्यात नव्हतेच.

मग काकांच्या वडिलांचं काय झालं?

१९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांची समिती नेमली गेली. १९४६ चा तिचा अहवाल आपल्या आरोग्यव्यवस्थेचा पाया मानला जातो. त्यातले आकडे बघा. देशात नोंदणी झालेले डॉक्टर ४७,५२४. त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. म्हणजे दर पाच डॉक्टरांमागे तीन जण काकांच्या वडिलांसारखे.

समितीनं ठरवलं की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा असेल, पूर्ण शिकलेला. लायसेन्शिएटचे अभ्यासक्रम बंद करायचे. हेतू चांगला होता. गरिबाला कमी शिकलेला आणि श्रीमंताला जास्त शिकलेला डॉक्टर, हे स्वतंत्र देशाला शोभणारं नव्हतं. पण समितीतल्याच काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं, एवढे पदवीधर तयार व्हायला दशकं लागतील, तोवर खेड्यांनी काय करायचं?

मोठ्या बाजूचं मत चाललं. पुण्याची शाळा १९४६ मध्ये कॉलेज झाली, नागपूरला १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज निघालं. ज्या लायसेन्शिएटांना जमलं त्यांनी जोडअभ्यासक्रम करून एम.बी.बी.एस. मिळवलं. बाकीचे आपापल्या गावात काम करत राहिले. १९५६ च्या नव्या कायद्यात त्यांना कौन्सिलवर प्रतिनिधित्व मिळालं, पण तोवर त्यांच्यात नवे येणं थांबलं होतं. एक पिढी म्हातारी झाली, तिचे दवाखाने बंद झाले, आणि त्या खुर्चीत बसायला पुष्कळ ठिकाणी कुणी एम.बी.बी.एस. आला नाही. बोगस डॉक्टर कुठून आले असा प्रश्न लोक मला विचारतात. रिकामी खुर्ची हे त्याचं एक उत्तर आहे.

आज रस्ता लांब आहे. नीट, साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षं, सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन. म्हणजे अठराव्या वर्षी निघालेलं पोर, कुठेही न अडखळता, तिशीला हृदयरोगतज्ज्ञ. मी या लांबीच्या विरोधात नाही. ज्याच्या हातात तुमचं हृदय द्यायचं त्यानं बारा वर्षं घालवलेली बरी. पण सर्दी-तापाला, गरोदर बाईचं बीपी बघायला, साप चावल्यावर लस टोचून गाडीत घालायलाही तोच हवा का? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात, कलम ३२ मध्ये, 'सामुदायिक आरोग्य सेवकां'ना मर्यादित परवाना द्यायची तरतूद आहे, एकूण डॉक्टरांच्या एकतृतीयांशापर्यंत. देशभर डॉक्टरांनी संप केले. माझे मित्रही त्यात होते, आणि अपुऱ्या शिक्षणाची त्यांची भीती मला पटते. पण वाद ऐकताना मला सारखी १९४६ ची ती भिन्न मतपत्रिका आठवत होती.

तुम्हाला पेशंट म्हणून एक गोष्ट मात्र ठाऊक हवी. नावापुढची अक्षरं कितीही असोत, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा, तसा २००२ पासून नियम आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी पुढचं शिक्षण घेतल्याचे तीस गुण दाखवावे लागतात. क्रमांक विचारायला लाजू नका. आम्हाला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

काकांना मी यातलं जेवढं जमेल तेवढं सांगितलं. ते म्हणाले, नातवाला तुम्हीच सांगा, आणि फोन लावून दिला. पोरगा हुशार आहे. सगळं ऐकून घेतलं आणि त्यानं एकच प्रश्न विचारला, "मॅम, पणजोबांनी किती डिलिव्हरी केल्या असतील?" मी फोन स्पीकरवर टाकला. काका हसले. "मोजल्या नाहीत रे कुणी. माझ्या वयाचं गावातलं माणूस दिसलं की समज, त्यांच्याच हातावर झालेलं."

मग त्यांनी पाटी रुमालानं पुसली, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि उठता उठता विचारलं, "बीपीच्या गोळ्या त्याच चालू ठेवायच्या ना?"